प्रकल्प नोंदी: कंपनीने हात काढून घेतल्यावर रेडमी नोट ४

८ नोव्हेंबर २०२५
हाताशी शाओमी कंपनीचे दोन रेडमी नोट ४ आहेत. दोन्ही भारतात विकले गेलेले, स्नॅपड्रॅगन ६२५ चिपचे. फोन अ: ३ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण. फोन ब: ४ जीबी, ६४ जीबी. दोन्हींवर मीयूआय (शाओमीचे अँड्रॉइडवर चढवलेले आवरण) ११, पण आतले अँड्रॉइड ७.०. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या या फोनला कंपनीने मीयूआयच्या नव्या आवृत्त्या दिल्या, अँड्रॉइड मात्र ७ वरून पुढे सरकले नाही. वरचा रंग बदलत राहिला, पाया तोच राहिला. 'मीयूआय ११ आहे, म्हणजे फोन तसा नवाच' असे विकणारा सांगतो तेव्हा सेटिंग्ज > अबाऊट फोन उघडून अँड्रॉइडची आवृत्ती आणि सुरक्षा पॅचची तारीख वाचावी. मीयूआयचा आकडा वाचून काही कळत नाही.

सर्वांत आधी ओळख पक्की करणे. रेडमी नोट ४ या एकाच नावाचे दोन फोन आहेत. २०१६ मध्ये चीनमध्ये आलेला मीडियाटेक हेलिओ एक्स२० चा, सांकेतिक नाव 'निकेल'; आणि आपल्याकडचा स्नॅपड्रॅगनचा, सांकेतिक नाव 'मिडो'. स्नॅपड्रॅगनचा नोट ४एक्स हाही मिडोच. रॉम (फोनची पूर्ण प्रणाली), रिकव्हरी (ती चढवण्या-पुसण्याचा छोटा भाग), बॅटरी यांतले काहीही घेताना हे नाव जुळलेच पाहिजे. दोन्ही फोन फास्टबूटमध्ये, म्हणजे संगणकाकडून आज्ञा घेणाऱ्या अवस्थेत, नेऊन (बंद फोनवर आवाज कमी + पॉवर) ओळख तपासली. दोन्ही मिडोच निघाले.

ठरवलेले काम: फोन अ कंपनीच्याच मीयूआयवर ठेवायचा, इंटरनेटपासून तोडून. फोन ब च्या बूटलोडरचे (फोन सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रामचे) कुलूप काढून, म्हणजे अनलॉक करून, त्यावर लिनिएजओएस (अँड्रॉइडवर आधारलेली मोफत रॉम) चढवायचे. प्रत्येक जुन्या फोनवर रॉम चढवलीच पाहिजे असे नाही. ज्याला फक्त आकाशवाणी ऐकायची आणि टीव्हीचा रिमोट हवा, त्याच्यासाठी तो खटाटोप नको.

९ नोव्हेंबर
फोन ब चा अनलॉक अर्ज आजच टाकला. हे काम पहिले, कारण ते शाओमीच्या सर्व्हरवर अवलंबून आहे. बॅटरी पुढच्या वर्षीही बाजारात मिळेल. सर्व्हर बंद झाला तर कुलूप कायमचे. कंपनीच्या सर्व्हरवाचून होणार नाही असे जे काही असेल ते आधी उरकायचे: अनलॉक, मूळ फर्मवेअरची (कंपनीच्या प्रणालीची) फास्टबूट फाइल उतरवून ठेवणे, खात्यातून डेटा काढणे.

पायऱ्या: अबाऊट फोनमध्ये मीयूआय आवृत्तीवर सात वेळा टिचकी, डेव्हलपर पर्याय उघडतात. तिथे ओईएम अनलॉकिंग चालू. मग 'मी अनलॉक स्टेटस' ('मी' हे शाओमीचेच छोटे नाव) मध्ये शाओमीचे खाते जोडणे. इथे वायफाय बंद करून सिमचा मोबाइल डेटा लागतो. वायफायवर जोडणी नाकारली जाते. त्यानंतर विंडोजवरचे मी अनलॉक साधन चालवल्यावर थांबायचे तास दाखवतात. या फोनला १६८ तास आले. काहींना ७२, काहींना ३६० येतात. मधल्या काळात 'खाते जोडा' पुन्हा दाबायचे नाही, नाहीतर मोजणी नव्याने सुरू होते. खात्यातून बाहेरही पडायचे नाही.

१० नोव्हेंबर
नेमके काय बंद पडले आहे, त्याची छाननी. 'सपोर्ट संपला' हे एकच वाक्य असले तरी फोनमध्ये वेगवेगळी घड्याळे चालतात आणि ती वेगवेगळ्या दिवशी थांबतात.

ब्राउझर: क्रोमची ११९ ही अँड्रॉइड ७ साठी शेवटची आवृत्ती, डिसेंबर २०२३ च्या १२० पासून अँड्रॉइड ८ लागते. २०२५ मध्ये क्रोम १३९ ने ती रेषा अँड्रॉइड १० वर नेली. फायरफॉक्सनेही ऑक्टोबर २०२५ च्या १४४ पासून अँड्रॉइड ८ ची अट घातली. म्हणजे फोन अ वर आता अद्ययावत असा एकही मोठा ब्राउझर उरलेला नाही. हे घड्याळ सर्वांत महत्त्वाचे, कारण अनोळखी मजकूर फोनमध्ये शिरतो तो मुख्यतः इथूनच.

व्हॉट्सॲप: २०२५ मध्ये अँड्रॉइड ५.० पासून पुढे चालत होते. 'व्हॉट्सॲप चालतंय ना, मग फोन ठीक आहे' ही समजूत सगळीकडे आढळते. व्हॉट्सॲप चालण्याचा आणि फोन सुरक्षित असण्याचा संबंध नाही.

प्रमाणपत्रे (साइट खरी असल्याची फोनला पटणारी ओळख): ही गोष्ट वेगळी नोंदवण्यासारखी आहे, उद्या.

बँक आणि यूपीआय: चालू आहे की नाही हा प्रश्नच घेतला नाही. दोन्ही फोनवरून काढायचे.

इमोजी: २०१६ नंतरच्या चिन्हांच्या जागी चौकोन. दुर्लक्ष.

शिवाय जून २०२० च्या सरकारी बंदीतील ५९ ॲपांत शाओमीची मी कम्युनिटी आणि मी व्हिडिओ कॉल ही दोन होती.

११ नोव्हेंबर
फोन अ वर वायफाय चालू असताना ईमेल ॲप आणि कॅलेंडर जुळवणारे ॲप एका सर्व्हरला जोडेनात; 'प्रमाणपत्रावर विश्वास नाही'. तीच साइट क्रोममध्ये उघडते. कारण असे.

लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रे असंख्य साइट वापरतात. तिचे मूळ प्रमाणपत्र आयएसआरजी रूट एक्स१ हे अँड्रॉइड ७.१.१ पासून आत बसवलेले येते. आपला फोन ७.०, अगदी उंबरठ्यावर अडकलेला. आधी जुन्या फोनांसाठी दुसऱ्या संस्थेच्या मुळाचा टेकू होता. ते मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ ला संपले, पण जुने अँड्रॉइड त्याची मुदत बघत नसल्याने टेकू वाढवून मिळाला. तो ३० सप्टेंबर २०२४ ला संपला. क्रोम ११४ च्या सुमारापासून स्वतःची प्रमाणपत्र यादी वापरतो, फायरफॉक्स आधीपासूनच. म्हणून ब्राउझरात साइट उघडते. पण ॲपच्या पोटात उघडणारे वेबपान आणि इतर ॲपे फोनची यादी बघतात, आणि त्या यादीत एक्स१ नाही.

मूळ प्रमाणपत्राची पेम फाइल संगणकावरून उतरवून (२०३५ पर्यंत वैध) फोनमध्ये हाताने बसवता येते: सेटिंग्जमधील क्रेडेन्शियल स्टोरेज > साठवणीतून स्थापित करा. त्याआधी पॅटर्न किंवा पिन लावणे सक्तीचे. पण उपयोग अर्धाच. अँड्रॉइड ७ पासून हाताने टाकलेली प्रमाणपत्रे ॲपे आपोआप मानत नाहीत. ॲप बनवणाऱ्याने तशी परवानगी लिहिली असेल तरच. ईमेल ॲप जोडले गेले, कॅलेंडरचे नाही. शिवाय 'नेटवर्कवर देखरेख होऊ शकते' ही सूचना वर चिकटून बसते. ती या प्रमाणपत्रामुळेच. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून तिसरेच प्रमाणपत्र टाकले असेल तर मात्र ती सूचना खरी धरावी.

एक साधी गोष्ट आधी तपासायची: घड्याळ. बॅटरी पार संपून फोन चालू झाला की तारीख १९७० ला जाते, मग सगळ्याच साइट नाकारल्या जातात. सिम असेल तर वेळ नेटवर्कवरून येते, नसेल तर हाताने लावायची.

१२ नोव्हेंबर
पैसे आणि ओळख यांचे स्थलांतर. फोन पुसण्याआधी या क्रमाने:

यूपीआय ॲपमधून नोंदणी रद्द, मग नव्या फोनवर त्याच सिमने पुन्हा नोंदणी. यूपीआयची बांधणी त्या सिममधून जाणाऱ्या एसएमएसवर होते, म्हणून सिम आधी हलवायचे. ऑथेंटिकेटरमधले (लॉगिनचे कोड देणाऱ्या ॲपमधले) सांकेतिक क्रमांक नव्या फोनवर क्यूआरने उचलायचे आणि एकदा लॉगिन करून बघायचे, त्यानंतरच जुने पुसायचे. गूगल खात्यातून बाहेर पडणे. नाही तर पुसल्यावर जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो. फोन अ मधून शाओमीचे खातेही काढायचे, त्याचे कुलूप वेगळे असते. फोन ब चे शाओमी खाते अनलॉक होईपर्यंत तसेच.

बँकेला आणि आधारला जोडलेला नंबर जुन्या फोनमध्ये ठेवू नये. बँकेचे ॲप काढले तरी ओटीपी त्याच सिमवर येतो, आणि एसएमएस वाचणारे एखादे ॲप आत शिरले तर तेवढे पुरते. घरोघरी नेमके उलटे घडते: नवा फोन मुलांकडे, आणि पेन्शनच्या खात्याला जोडलेले सिम जुन्या फोनात आजोबांकडे.

व्हॉट्सॲपचा स्थानिक बॅकअप घेऊन अंतर्गत साठवणीतले व्हॉट्सॲप फोल्डर संगणकावर उतरवले. फोटो यूएसबीने. मोठे फोल्डर एकदम ओढले तर नक्कल मध्येच अडकते. महिन्यावार तुकडे करून घ्यावे, आणि शेवटी दोन्हीकडची फाइलसंख्या जुळवावी.

१४ नोव्हेंबर
बॅटरी. फोन ब ३० टक्क्यांवरून एकदम बंद पडतो, थंडीत लवकर. अंतर्गत रोध वाढल्याची खूण: भार आला की व्होल्टेज कोसळते. टक्केवारी 'कॅलिब्रेट' करून हे जात नाही.

मिडोची बॅटरी बीएन४३. बीएन४१ ही मीडियाटेकच्या फोनची; दुकानात 'नोट ४ ची द्या' म्हटले की दोन्हींपैकी कोणतीही हातात पडते. सेलवर ४००० किमान आणि ४१०० नमुनेदार एमएएच, ३.८५ व्होल्ट, चार्जची मर्यादा ४.४ व्होल्ट छापलेले असते. त्याच आकारात '५००० एमएएच' लिहिलेली बॅटरी असेल तर ती सरळ परत करावी. जास्त आकडा छापायला शाई लागते, इतकेच.

बदलण्याची रीत: चार्ज २५ टक्क्यांखाली. सिमचा ट्रे काढायचा, मगच झाकणाला हात. ट्रे आत राहिला तर तोच वाकतो. पातळ प्लास्टिकची पट्टी कडेने फिरवून खटके सोडवायचे. झाकण पूर्ण उघडायची घाई नको: बोटठशाच्या सेन्सरची पट्टी झाकणाला जोडलेली असते आणि ती फाटली की ठसा गेला. ती सोडवली, मग सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर. बॅटरी खाली चिकटवलेली असते. पाठीमागून केस वाळवण्याच्या यंत्राची मंद ऊब, कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब, दोन मिनिटे थांबून प्लास्टिकच्या कार्डाने उचलायची. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटली तर सेलला भोक पडते आणि पुढे धूर. फुगलेली असेल तर ऊबही देऊ नये.

चार्जिंगचा सांधा ढिला होता. खाचेत लाकडी टूथपिक फिरवून कापसासारखा मळ काढला, केबल घट्ट बसली. तरीही हलली असती तर सीसी बोर्ड (चार्जिंगच्या खाचेची छोटी पाटी) बदलायचा. तो मुख्य बोर्डापासून वेगळा असतो, महाग नाही.

नवी बॅटरी खरी का, हे यूएसबी मीटरने. इथे गफलत होते ती अशी: मीटर ५ व्होल्टला एमएएच मोजतो, सेलवरचा आकडा ३.८५ व्होल्टचा. ४००० × ३.८५ म्हणजे १५.४ वॅट-तास. चार्जिंगमध्ये साधारण १५ टक्के उष्णतेत जातात असे धरले तर भिंतीकडून सुमारे १८ वॅट-तास, म्हणजे मीटरवर अंदाजे ३६०० एमएएच दिसायला हवेत. फोन बंद ठेवून, शून्यावरून पूर्ण भरून बघायचे. आपल्या मीटरवर ३४८० आले; चालेल. २५०० च्या आसपास आले असते तर बॅटरी परत.

जुना सेल: टोकांवर चिकटपट्टी, कोरड्या डब्यात, आणि ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे तो घंटागाडीत टाकायचा नाही. नियम नसता तरी टाकू नये. गाडीत दाबला गेला की पेटतो.

१७ नोव्हेंबर
मुदत संपली, अनलॉक झाले. या क्षणी फोनमधले सारे पुसले जाते.

पहिल्या प्रयत्नात फास्टबूट फोन दिसेना. संगणकाचा यूएसबी ३ चा पोर्ट, विशेषतः एएमडीच्या मशीनवर, या फोनांशी नीट बोलत नाही. मध्ये जुना यूएसबी २ हब लावला, लगेच दिसला. केबलही डेटाची हवी. नुसती चार्जिंगची केबल याच लक्षणाने छळते.

लिनिएजओएसच्या विकीवरील मिडोच्या पानावरून रिकव्हरी आणि रॉम उतरवली, एसएचए२५६ बेरीज (फाइल धड उतरली का हे सांगणारा आकडा) जुळवली. रिकव्हरी फास्टबूटने चढवली. इथून पुढची पायरी चुकली तर केलेले काम वाया: फोन साधा चालू होऊ द्यायचा नाही. मीयूआय चालू झाले की ते स्वतःची रिकव्हरी परत बसवते. थेट आवाज वाढ + पॉवर धरून रिकव्हरीत.

रॉम टाकण्याआधी टीडब्ल्यूआरपी ही दुसरी रिकव्हरी तात्पुरती चालू करून मोडेमएसटी१, मोडेमएसटी२, एफएसजी आणि पर्सिस्ट या विभाजनांची नक्कल संगणकावर घेतली. आयएमईआय आणि रेडिओची जुळणी यांत असते. ती गेली तर फोन चालतो पण नेटवर्क नाही, आणि दुसऱ्याच्या फोनची नक्कल टाकून ते दुरुस्त करणे बेकायदा.

मग लिनिएजच्या रिकव्हरीत फॅक्टरी रीसेट > फॉरमॅट डेटा. ते केले नाही तर मीयूआयने सांकेतिक केलेली साठवण नव्या रॉमला वाचता येत नाही आणि फोन बोधचिन्हावर अडकतो. त्यानंतर एडीबी (संगणकावरून केबलने फोनला आज्ञा देणारे साधन) साइडलोडने रॉम. संगणकावर ४७ टक्क्यांवर थांबले आणि पुढे त्रुटीसारखा संदेश. घाबरण्याचे कारण नाही. फोनच्या पडद्यावर यश लिहिलेले असेल तर काम झाले आहे. गूगलची ॲपे हवी असतील तर ती आत्ताच, पहिल्यांदा चालू करण्याआधी: एआरएम६४, आणि रॉमच्या अँड्रॉइड आवृत्तीशी जुळणारी. 'सही पडताळली नाही' असे विचारते, 'हो' म्हणायचे. आधी फोन चालू करून नंतर टाकली तर ती सतत कोसळतात, आणि मग पुन्हा फॉरमॅटपासून.

या फोनवर गूगल टाकलेच नाही. पहिले चालू होणे पंधरा मिनिटांपर्यंत लागू शकते. त्याहून जास्त म्हणजे फॉरमॅट राहिले.

१८ नोव्हेंबर
तपासणी फोन ब. जिओचे सिम घालून व्होल्टी (४जी वरून होणारे कॉल): जिओला २जी-३जीचा आधार नाही, त्यामुळे व्होल्टी नसेल तर डेटा येतो पण फोन लागत नाही. पुन्हा चालू केल्यावर चिन्ह आले, फोन लागला. जीपीएस, बोटठसा, कॅमेरा, कॉलमध्ये पडदा काळा होणे, दोन्ही माइक, इन्फ्रारेड: सगळे एकेक करून. रॉम बदलली की नेमक्या अशा बारीक गोष्टी गळतात, म्हणून फोन कामाला लावण्याआधीच बघायच्या.

सेटिंग्जमधील ट्रस्ट या पानावर दोन तारखा दिसतात. अँड्रॉइडचा पॅच नवा. व्हेंडरचा (फोन आणि चिप बनवणाऱ्यांचा) पॅच कंपनीने सोडले त्या काळातला. मोडेम, बूटलोडर, क्वालकॉमचे बंद फर्मवेअर यांचा उगम कंपनीकडेच, त्यामुळे ती भोके कोणतीही रॉम बुजवत नाही. रॉम चढवली म्हणजे फोन नवा झाला असे म्हणणाऱ्यांना हे पान उघडून दाखवावे. शिवाय कुलूप काढलेला फोन ज्याच्या हाती पडेल तो त्यावर काहीही चढवू शकतो. म्हणून बँक इथेही नाही. बरीच बँक ॲपे अशा फोनवर तशीही उघडत नाहीत, आणि त्यांना फसवून चालवण्याचे जे मार्ग सांगितले जातात ते दर काही महिन्यांनी मोडतात.

एफ-ड्रॉइड या मोफत ॲपांच्या दुकानातून: ऑर्गॅनिक मॅप्स (महाराष्ट्राचा नकाशा उतरवून), गाणी-व्हिडिओसाठी व्हीएलसी, पुस्तकांसाठी केओरीडर, पॉडकास्टसाठी अँटेनापॉड. ब्राउझर फायरफॉक्स. साठवण पाचवा हिस्सा तरी मोकळी ठेवायची. जुनी ईएमएमसी (साठवणीची चिप) भरत आली की लिहिताना अडखळते आणि सगळा फोन मंद वाटतो.

२२ नोव्हेंबर
फोन अ ची आवराआवर. फॅक्टरी रीसेट, वायफाय आणि ब्लूटूथ बंद, सिम नाही. कंपनीची नको असलेली ॲपे एडीबीने 'पीएम अनइन्स्टॉल, युझर शून्य' या आज्ञेने हटवली. ही आज्ञा फक्त वापरकर्त्यापुरते काढते, रीसेट केल्यावर ते परत येते. जाहिराती दाखवणारे एमएसए गेले, ब्राउझर गेला. दोन पॅकेजांना हात लावायचा नाही: फाइंडडिव्हाइस आणि सिक्युरिटी सेंटर. ती काढली की मीयूआय सुरूच होत नाही, आणि मग रीसेटखेरीज इलाज नाही. इंटरनेटवरच्या 'ही यादी चिकटवा' छापाच्या यादीत ती सर्रास असतात.

एफएमला वायरचा इअरफोन लागतो, तीच अँटेना. स्पीकरवर ऐकायचे असले तरी तो खोचलेला हवा. गाणी आणि भजने ३२ जीबी मेमरी कार्डावर. कार्ड दुसऱ्या सिमच्या जागेत बसते, इथे सिमच नसल्याने अडचण नाही. कार्ड 'अंतर्गत साठवण' म्हणून जोडायचे नाही. तसे केले तर ते दुसरीकडे वाचता येत नाही.

२९ नोव्हेंबर
कायम चार्जरवर ठेवण्याचा प्रश्न. दोन्ही फोन एका जागी राहणार. शंभर टक्क्यांवर, म्हणजे ४.४ व्होल्टवर, उन्हाळ्यात महिनोन् महिने राहिलेला सेल फुगतो. या फोनचे झाकण धातूचे असल्याने दाब पडद्याकडे जातो आणि फोल्डर (काच आणि पडद्याचा जोड) कडेने उचलला जातो. ती पहिली खूण. दिसली की चार्जर काढायचा, फोन बंद, बॅटरी बाहेर.

लिनिएजच्या काही बिल्डमध्ये (रॉमच्या तयार आवृत्त्यांत) बॅटरीच्या पानावर चार्जिंग कंट्रोल असते, ८० टक्क्यांवर थांबवता येते. कर्नलने (प्रणालीच्या गाभ्याने) साथ दिली तरच तो पर्याय दिसतो. फोन अ ला तो मार्गच नाही. दोन्हींसाठी एकच उपाय केला: पंधरा मिनिटांच्या खुंट्यांचा यांत्रिक टायमर, सकाळी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास. ५ व्होल्ट १ अँपिअरचा जुना चार्जर, मूळ २ अँपिअरचा नाही. कमी प्रवाहात उष्णता कमी. फोन अ ४० ते ७० च्या दरम्यान राहतो. फोन ब हॉटस्पॉट म्हणून वापरला की खर्च वाढतो, त्या दिवशी सकाळची एक खुंटी जास्त. वीज गेली की यांत्रिक टायमर तेवढा मागे पडतो. भारनियमन असलेल्या गावी आठवड्यातून एकदा त्याची वेळ जुळवावी लागेल.

६ डिसेंबर
फोन ब ला नवा साप्ताहिक बिल्ड आला, अपडेटरमधून बसला, व्होल्टी टिकली. मिडोचे बिल्ड येणे थांबले तर ट्रस्टच्या पानावरची पहिली तारीखही गोठेल. ती सहा महिन्यांहून जुनी दिसली की ब्राउझर काढायचा, सिम काढायचे, आणि फोन ब ची सोय फोन अ सारखी करायची: नकाशा, पुस्तके, गाणी, वायफाय बंद.

दोन्ही फोनांच्या पाठीला चिठ्ठी लावली. अ: 'सिम नको, वायफाय नको, इअरफोन खोचून रेडिओ.' ब: 'बँक नको, ओटीपीचे सिम नको. टायमर दर रविवारी.' मूळ फर्मवेअर, रॉम, विभाजनांच्या नकला आणि बेरजांची यादी एका पेनड्राइव्हवर, दुसरी प्रत संगणकावर. फोन अ चा अनलॉक अर्जही जाता जाता टाकून ठेवायचा आहे. त्याला सिम लागेल आणि थांबायची मुदत संपेपर्यंत खातेही, पण सर्व्हर चालू आहे तोवरच ते शक्य आहे.